साचा, जॅकवेल आणि सामाईक विहीर: जावा वेब ॲप्लिकेशनांमधल्या सामाईक कोडचा आढावा

पलूस तालुक्यातल्या बागायतदाराची जमीन एकाच जागी असते, तिचा आकडा मात्र चार दारी लिहिलेला असतो. सातबाऱ्यावर तो महसूल खात्याकडे असतो. कारखान्याला ऊस घालायचा तर ऊसनोंदीत लागतो. सोसायटीच्या पीककर्जात पुन्हा तोच, आणि कृष्णेवरून पाणी उचलणाऱ्या उपसा सिंचन संस्थेच्या पाणीपट्टीत आणखी एकदा तोच. पूर्वी ही चार दारे म्हणजे चार वह्या होत्या. आता तिथे चार वेब ॲप्लिकेशने आली, प्रत्येकाचा पत्ता वेगळा, सर्व्हर बहुधा वेगळा आणि लिहिणारे हातही वेगळे. पण आत डोकावले तर काही ओळी सगळीकडे त्याच: हेक्टर-आरची बेरीज, रक्कम अक्षरी लिहिणे, आधार क्रमांक तपासणे, खातेदारांची नावे अकारविल्हे लावणे. या ओळी चारदा लिहायच्या, की एकदा लिहून चौघांनी वापरायच्या? वापरायच्या तर कशा? जावाच्या जगात हा प्रश्न पंचवीस वर्षे जुना आहे आणि त्याची उत्तरेही ढीगभर आहेत. या लेखापुरती आपण ही चारही ॲप्लिकेशने जावात लिहिलेली कल्पू. माझे म्हणणे असे की उत्तर निवडताना लोक आधी चुकीच्या जागी बोट ठेवतात. कोड कुठे ठेवायचा यावर तासन्‌तास चर्चा होते. तो कोड बदलायचा हुकूम कोणाकडून येणार, हे कोणी विचारत नाही. खरे तर दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की पहिला जवळजवळ सुटलेलाच असतो.

आधी पत्त्याचा घोळ निस्तरू. पत्ता वेगळा म्हणजे प्रोग्राम वेगळा, असे नसते. टॉमकॅटसारखा एकच सर्व्हर दोन वेगळ्या नावांचे पत्ते सांभाळू शकतो. एकाच नावाखाली तिरक्या रेघेपुढच्या शब्दानुसार पाच ॲप्लिकेशने चालवू शकतो. आणि पुढे एनजिनएक्स उभा केला तर पाच यंत्रांवरची पाच ॲप्लिकेशने बाहेरच्याला एकाच पत्त्यावर दिसतात. पत्ता म्हणजे दारावरची पाटी. आतल्या भिंती कशा आहेत ते पाटीवरून कळत नाही. पाटीवरून ठरते ते ब्राउझरचे वागणे: कुकी कोणाला दाखवायची, कोणाच्या पानातली स्क्रिप्ट कोणाला हाक मारू शकते. महसूल खात्याचेच पाहा. सातबारा नुसता पाहायचा पत्ता एक, आणि १ मे २०१८ पासून सुरू झालेला डिजिटल सहीचा उतारा घ्यायचा पत्ता दुसरा. पण दोन्हींचे आडनाव ‘महाभूमी’ हेच. आडनाव एक असल्याने ठरवले तर त्यांच्यात कुकी सामाईक ठेवता येते. कारखान्याच्या पत्त्याशी तसे नाते जोडताच येत नाही. शिवाय सर्व्हलेटचा नियमच असा की सेशन ज्या त्या ॲप्लिकेशनपुरते. एकाच टॉमकॅटवर शेजारी शेजारी बसलेल्या दोन ॲप्लिकेशनांनाही एकमेकांचे सेशन दिसत नाही. हे सांगण्याचे कारण, ‘आम्हाला कोड सामाईक करायचा आहे’ म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांना खरे तर लॉगिन सामाईक हवे असते, आणि काहींना डेटा. ती दोन्ही दुखणी निराळी आणि त्यांची औषधेही निराळी. इथे विषय फक्त कोडचा.

आता एक ओळ भिंगाखाली धरू. सातबाऱ्यावर शेतजमिनीचे क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असे लिहितात: ०.४०.५० म्हणजे चाळीस आर पन्नास चौरस मीटर. शंभर चौरस मीटरचा एक आर, शंभर आरचा एक हेक्टर. हिशेब सोपा वाटतो, म्हणूनच प्रत्येक नवा डेव्हलपर तो दहा मिनिटांत लिहितो आणि प्रत्येक जण तो थोडा वेगळा लिहितो. कोणी मधला बिंदू काढून दशांश अपूर्णांक करतो, आणि ०.४०.५० चे ०.४०५० हेक्टर बरोबर येते. मग एखाद्याने शून्ये न लिहिता ०.४.५ अशी नोंद केली, की खऱ्या ०.०४०५ हेक्टरच्या जागी ०.४५ येते, म्हणजे अकरा पटींहून जास्त. बोलण्यात अजून एकर-गुंठे चालतात. तिथे ‘दोन पंधरा’ आणि ‘एक तीस’ मिळून तीन पंचेचाळीस होत नाहीत, चार एकर पाच गुंठे होतात, कारण एकराचे गुंठे चाळीस. त्यात २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला. गावाच्या नावाबरोबर गावाचा कोड क्रमांक आला. शेतीच्या क्षेत्राला हेक्टर-आर-चौरस मीटर आणि बिनशेतीला आर-चौरस मीटर असे एकक ठरले. म्हणजे ४.५० हा आकडा शेतीच्या उताऱ्यावर साडेचार हेक्टर, आणि बिनशेतीच्या उताऱ्यावर साडेचारशे चौरस मीटर. अंक तेच, फरक शंभर पट. ज्या ज्या ॲप्लिकेशनात ही ओळ उतरवून घेतलेली होती, त्या प्रत्येकाला हा बदल वेगळा कळायला हवा होता. नियम मंत्रालयात एकदा बदलतो. चुका मात्र प्रती असतील तितक्या ठिकाणी होऊ शकतात.

कोड वाटून घेण्याची सर्वांत जुनी रीत म्हणजे उतरवून घेणे. तिला नावे ठेवणे सोपे आहे, पण ती टिकली याला कारणे आहेत. सहकारी संस्थांना सॉफ्टवेअर पुरवणारी छोटी मंडळी एका पतसंस्थेसाठी केलेले काम दुसरीला देताना अख्खा फोल्डर उचलतात, नाव बदलतात, लोगो बदलतात आणि नव्या पत्त्यावर चढवतात. पहिल्या दिवशी यात काहीच बिघडत नाही. उलट दुसऱ्या संस्थेच्या चेअरमनला हवा तो बदल पहिलीला धक्का न लावता करता येतो, आणि हे स्वातंत्र्य खरे आहे. बिघडते ते तिसऱ्या वर्षी. तोवर अकरा प्रती झालेल्या असतात, प्रत्येकीत दोन-चार ओळी हाताने बदललेल्या असतात, आणि एका संस्थेत सापडलेली चूक बाकी दहांत आहे की नाही हे सांगणारा माणूस नोकरी सोडून गेलेला असतो.

यावर उतारा म्हणून जावाच्या सर्व्हरांनी सुरुवातीपासून सामाईक फोल्डर दिला. टॉमकॅट ५ पर्यंत त्यासाठी ‘कॉमन’ आणि ‘शेअर्ड’ अशा वेगळ्या जागा होत्या. टॉमकॅट ६ पासून मुळात एकच ‘लिब’ फोल्डर उरला, हवा तर शेअर्ड आजही लिहून घेता येतो. तिथे जार, म्हणजे बांधलेल्या जावा कोडची फाइल, ठेवली की त्या सर्व्हरवरच्या सगळ्या ॲप्लिकेशनांना ती दिसते. ही रीत सामाईक विहिरीसारखी आहे, आणि सामाईक विहिरीवरून काय काय होते ते आपल्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. इथले भांडण क्लासलोडरवरून होते. जावात एखाद्या क्लासची ओळख त्याच्या नावावर संपत नाही. तो कोणत्या लोडरने आणला तेही ओळखीत धरतात. त्यात सर्व्हलेटची चाल अशी की वेब ॲप्लिकेशनाने आधी आपल्या स्वतःच्या वेब-इन्फ फोल्डरात पाहावे, मग वर. म्हणून तीच जार सामाईक फोल्डरातही असेल आणि एखाद्याने विसरून आपल्या वॉर फाइलमध्येही ठेवली असेल, तर त्या यंत्रात ‘क्षेत्र’ नावाचे दोन क्लास नांदू लागतात आणि लॉगमध्ये वेड लावणारी ओळ येते: ‘क्षेत्र’चे रूपांतर ‘क्षेत्र’मध्ये करता येत नाही. नवे जावा निदान पुढे कोणता लोडर तेही सांगते. जुन्यात ती ओळ वाचून माणूस आपल्याच डोळ्यांवर अविश्वास दाखवत असे. दुसरा त्रास स्टॅटिक व्हेरिएबलांचा. सामाईक क्लासमधले स्टॅटिक सगळ्यांचे मिळून एकच, त्यामुळे एका ॲप्लिकेशनाने ठेवलेली ‘चालू संस्था’ दुसऱ्याच्या पावतीवर छापली जाऊ शकते. तिसरा म्हणजे एकाला नवी आवृत्ती हवी असली की सगळ्यांना ती घ्यावी लागते. आणि मूळ प्रश्नच पाहिला तर ही विहीर एका यंत्रापुरती: पत्ते वेगळ्या यंत्रांवर असतील तर तिचा उपयोग शून्य. डेटाबेसचा ड्रायव्हर ठेवण्यापलीकडे या फोल्डरात काही ठेवू नये, असे माझे मत आहे.

अनेक वॉर एका ईएआर फाइलमध्ये बांधून त्यांना मिळून एक लिब फोल्डर देण्याची सोय जावा ईई ५ ने २००६ मध्ये आणली. ती नीट चालते, पण सगळी ॲप्लिकेशने एकाच वेळी, एकाच हाताने चढवायची तयारी असेल तरच. कारखाना आणि महसूल खाते एका ईएआरमध्ये बसणार नाहीत. ओएसजीआय या जावाच्या मॉड्यूल-पद्धतीने एकाच यंत्रात एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या सुखाने नांदवून दाखवल्या, पण त्यासाठी जी शिस्त लागते ती वेब ॲप्लिकेशने लिहिणाऱ्या बहुतेकांना पेलली नाही. ब्राउझरच्या बाजूला गूगलच्या जीडब्ल्यूटीने २००६ मध्ये एक वेगळीच वाट काढली: जावा कोडचेच जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर करायचे, म्हणजे क्षेत्र तपासणारा एकच क्लास सर्व्हरवरही चालेल आणि पानातही. कल्पना आजही मोहक आहे. मात्र वेगळ्या पत्त्यांच्या ॲप्लिकेशनांत तो कोड जातो तो मूळ रूपात, मॉड्यूल म्हणून, आणि प्रत्येकात नव्याने भाषांतरित होऊन; चालू पानाने दुसऱ्या पत्त्यावरच्या सर्व्हरशी बोलायचे तर त्या सर्व्हरने तशी स्पष्ट परवानगी द्यावी लागते. ही परवानगीची रीत डब्ल्यू३सीने जानेवारी २०१४ मध्ये प्रमाण म्हणून मान्य केली.

उरतात दोन खऱ्या वाटा, आणि दोन्हींचे नमुने पलूस तालुक्यातच पाहायला मिळतात. किर्लोस्करवाडीला १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला. नांगरांपासून पंपांपर्यंत तिथे जे घडले ते ओतकामावर उभे होते. ओतकामाला साचा लागतो. साचा एक, त्यावरून निघणारे भाग हजार. आणि निघालेला भाग ज्याचा त्याचा. उद्या साच्यात सुधारणा झाली म्हणून शेताच्या कडेला बसवलेला पंप रात्रीतून बदलत नाही. मालकाला हवा तेव्हा तो नवा भाग बसवतो. आवृत्तीचा क्रमांक टाकलेली जार हुबेहूब अशीच असते. मेव्हन आल्यापासून, म्हणजे साधारण २००४–०५ पासून, जावावाल्यांना साच्याच्या शिस्तीचे हे कोठार मिळाले. प्रत्येक ॲप्लिकेशन आपल्या पोम फाइलमध्ये लिहिते: मला ‘क्षेत्र’ १.४.२ हवे. बांधणीच्या वेळी ते कोठारातून येते आणि त्याच्या वॉर फाइलमध्ये बसते. मेव्हन सेंट्रलचा नियम असा की एकदा बाहेर पडलेली आवृत्ती पुन्हा बदलता येत नाही. चूक असेल तर १.४.३ काढा. पत्ते वेगळे असोत, यंत्रे वेगळी असोत, गावे वेगळी असोत, काही बिघडत नाही, कारण चालू असताना कोणी कोणावर अवलंबून नाही.

या वाटेवर खाचखळगे आहेतच, पण ते ओळखीचे आहेत. सामाईक जारने स्वतः फार जार मागू नयेत; तिने आणलेले दहा पाहुणे ॲप्लिकेशनातल्या दहांशी भांडतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिला वेबचा वाराही लागू देऊ नये. जावा ईई एक्लिप्स फाउंडेशनकडे गेल्यावर २०२० मध्ये जकार्ता ईई ९ ने सगळ्या पॅकेजांचे आडनाव ‘जावाएक्स’चे ‘जकार्ता’ केले. टॉमकॅट ९ वर जुने आडनाव, १० वर नवे. ज्या सामाईक लायब्ररीत सर्व्हलेटची एखादी जरी विनंती हाताळली होती ती रातोरात दोन तुकड्यांत विभागली: एक जुन्या सर्व्हरांसाठी, एक नव्यांसाठी. ज्यांची लायब्ररी नुसते आकडे घेऊन आकडे देत होती त्यांना हा बदल झाल्याचे कळलेही नाही. क्षेत्राची बेरीज करणाऱ्या क्लासला आपण कोणत्या पत्त्यावर बसलो आहोत हे ठाऊक असायचे कारणच काय?

दुसरी वाट जॅकवेलची. नदीकाठी एक जॅकवेल, त्यावर मोटारी, तिथून रायझिंग मेन, आणि पाळीने सगळ्यांना पाणी. सांगली जिल्ह्यात ताकारी, टेंभू, म्हैसाळ या योजना काय किंवा गावोगावच्या सहकारी उपसा संस्था काय, तत्त्व तेच: यंत्र एकाच ठिकाणी, लाभ सर्वांना. सॉफ्टवेअरमध्ये ही सेवा झाली. कोड एकाच पत्त्यावर चालतो, बाकीची ॲप्लिकेशने नेटवर्कवरून विचारतात आणि उत्तर घेतात. बदल एका ठिकाणी केला की त्याच क्षणी सर्वांना लागू. गेल्या दहा-बारा वर्षांत मायक्रोसर्व्हिसच्या लाटेत हीच वाट आधुनिक आणि बाकीच्या गावंढळ, असा समज पसरला. पण मोटार जळाली की सगळ्या शिवाराचे पाणी तुटते, हे जॅकवेलवाल्याला पाठ असते; प्रोग्राम लिहिणारा विसरतो. ज्या सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जावा जन्मली तिथेच पीटर डॉइश यांनी १९९० च्या दशकात अशा विसरभोळेपणाची यादी केली होती, आणि तिच्यात पहिलाच गैरसमज नेटवर्क कधी बंद पडत नाही हा आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात भिलवडी-ब्रह्मनाळच्या पट्ट्यात दिवसचे दिवस वीज नव्हती. तेवढे टोकाचे सोडा, साध्या वळवाच्या वाऱ्यातही लाइन जाते. चाळीस आरमध्ये साठ आर मिळवायला दुसऱ्या गावातल्या यंत्राची परवानगी लागावी, ही आधुनिकता नव्हे. मोठ्यांनाही हे कळले आहे: ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओतल्या एका गटाने २०२३ मध्ये जाहीर केले की व्हिडिओच्या दर्जावर नजर ठेवणारी त्यांची यंत्रणा सेवांच्या तुकड्यांतून एका प्रोसेसमध्ये आणल्यावर खर्च नव्वद टक्क्यांनी उतरला.

मग सेवा कधी? जेव्हा मागे नुसता नियम नसून नोंद असते, आणि त्या नोंदीचा मालक ठरलेला असतो. एखाद्या गटावर आज कोणाचे नाव आहे, बोजा चढलेला आहे का, हे जारमध्ये भरून वाटता येत नाही; फेरफार मंजूर झाला की ते शिळे होते. ते त्या पत्त्यालाच विचारले पाहिजे. पण क्षेत्र मोजायचे कसे हा नियम आहे, तो साच्यासारखा वाटता येतो. नोंदीला जॅकवेल, नियमाला साचा.

इथे मूळ मुद्दा येतो. कोणता नियम खरोखर एक आहे आणि कोणता नुसता एकसारखा दिसतो? ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रामर’ या १९९९ च्या पुस्तकात अँड्र्यू हंट आणि डेव्हिड टॉमस यांनी पुनरुक्ती टाळण्याचे तत्त्व मांडले तेव्हा त्यांचा रोख ज्ञानाच्या पुनरुक्तीवर होता. वाचणाऱ्यांनी तो ओळींच्या पुनरुक्तीवर वळवला, आणि दिसायला सारखे ते सगळे एकत्र बांधायची खोड लागली. पलूसच्या शेतकऱ्याच्या घरात दोन बिले येतात, उसाचे आणि दुधाचे. दोन्हींत माल गुणिले दर वजा कपात. नवशिक्याला इथे एक ‘बिल’ क्लास दिसतो, आणि तो कारखान्याच्या व डेअरीच्या ॲप्लिकेशनांत सामाईक करायची घाई होते. पण उसाचा किमान दर ठरतो केंद्राच्या ऊस नियंत्रण आदेश १९६६ खाली. २००९ पासून तो एफआरपी म्हणून ओळखला जातो, साखरेच्या उताऱ्याशी बांधलेला असतो, आणि ऊस कारखान्याला दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे बंधन असते. दुधाचा दर फॅट आणि एसएनएफ म्हणजे स्निग्धेतर घन पदार्थ यांवर, बिल दर दहा दिवसांनी. २०२२ मध्ये राज्य सरकारने एफआरपी दोन हप्त्यांत द्यायचा निर्णय काढला, आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. या दोन तारखांना ऊसबिलाचा कोड दोनदा फिरवावा लागणार हे उघड आहे. दुधाच्या बिलाचा त्या खटल्याशी काय संबंध? पण क्लास एक असेल तर त्यात ‘हे दूध आहे का’ असा एक झेंडा येतो, मग ‘पहिला हप्ता का’, मग ‘निकालानंतरचे का’, आणि दोन वर्षांत त्या क्लासला हात लावायला कोणी धजत नाही. हाच फास ‘वर्ष’ या शब्दात आहे. बँकेचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते, महसुली वर्ष १ ऑगस्टला, साखरेचा हंगाम १ ऑक्टोबरला. ‘चालू वर्ष’ देणारे एक सामाईक फंक्शन लिहिणारा माणूस तीन मालकांच्या घरात एकच घड्याळ टांगतो.

उलट काही गोष्टी दिसायला क्षुल्लक, पण खरोखर एकच असतात, आणि त्याच सामाईक करायच्या राहून जातात. बहुतेक वेळा तिथे मराठी असते. जावाच्या स्वतःच्या डेसिमलफॉरमॅटला लाख-कोटीचे स्वल्पविराम जमत नाहीत: तुम्ही दोन-दोन-तीन असा नमुना दिलात तरी तो फक्त शेवटचा गट पाहतो आणि बारा लाखांचे १,२३४,५६७ छापतो. १२,३४,५६७ हवे तर आयसीयू-फॉर-जे ही लायब्ररी घ्यावी लागते किंवा स्वतः लिहावे लागते. नावे नुसत्या युनिकोड क्रमाने लावली तर ळ हा ल च्या पाठीला लागून येतो, आणि यादीत ज्ञानदेव हा जोतीरामनंतर पण झुंबरबाईच्या आधी बसतो. मराठी वर्णमालेत ळ ह नंतर, आणि ज्ञ सगळ्यांत शेवटी. सर्वांत कठीण तो आडनावातला अर्धा र. ‘कुऱ्हाडे’ तीन प्रकारे टाइप होते: ऱ हे सबंध अक्षर घेऊन, र खाली नुक्ता देऊन, किंवा र ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर तिन्ही बहुधा सारखीच दिसतात. पहिली दोन जावाच्या नॉर्मलायझरने एक होतात. तिसरे होत नाही, त्याला स्वतंत्र नियम लिहावा लागतो. तो ज्या ॲप्लिकेशनात नाही तिथे खातेदार शोधल्यावर ‘नोंद सापडत नाही’ असे येते, आणि माणूस समोर उभा असतो. त्यातच जावा १८ च्या आधी मुळातले अक्षरसंकेतन यंत्रावर अवलंबून होते. युटीएफ-८ हे सगळीकडे गृहीत धरायला २०२२ उजाडले. संकेतन न सांगता बाइट काढले आणि सर्व्हर पाश्चात्त्य संकेतनाच्या विंडोजचा असला की ‘पलूस’चे चार प्रश्नचिन्हांत रूपांतर होते, तेही त्याच एका पत्त्यावर. आधारची तपासणीही याच वर्गातली: शेवटचा अंक व्हेरहूफ यांच्या १९६९ च्या रीतीने काढलेला असतो, आणि ती रीत कोणत्याही संचालक मंडळाच्या ठरावाने बदलत नाही. या सगळ्याचे मालक संस्थेच्या बाहेर आहेत: वर्णमाला, युनिकोड, गणित. म्हणून हा कोड पहिला सामाईक करावा.

आता आक्षेप. सर्वांत वजनदार आक्षेप सुरक्षेचा आहे. साचा वाटला की प्रती विखुरतात. भोक सापडले तर प्रत्येक वॉर फोडून पुन्हा बांधायची. लॉग-फोर-जे या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीचे भोक डिसेंबर २०२१ मध्ये उघड झाले तेव्हा जगभर हेच झाले: आपल्या कोणत्या ॲप्लिकेशनाच्या पोटात कोणती प्रत आहे, हेच लोकांना ठाऊक नव्हते. सामाईक फोल्डर असता तर एक फाइल बदलून भागले असते, हे खरे आहे आणि ते मान्य केले पाहिजे. पण त्याच महिन्याचे पुढचे दिवसही पाहावेत. २.१५.० आली, ती अपुरी ठरली, मग २.१६.०, २.१७.०, २.१७.१, सगळ्या डिसेंबरातच. सामाईक विहिरीत एकाच महिन्यात चारदा औषध टाकायचे, प्रत्येक वेळी सगळी ॲप्लिकेशने एकदम बंद करून, आणि कोणाला काय बाधेल ते न तपासता? त्या संकटात खरा फरक पडला तो यादीने. ज्यांच्याकडे बांधणीची फाइल आणि आवृत्त्यांची नोंद होती त्यांनी मेव्हनला वंशावळ विचारली आणि दुपारपर्यंत उत्तर मिळवले. ज्यांनी फोल्डर उचलून नव्या पत्त्यावर चढवले होते ते हार्ड डिस्क चाळत बसले.

दुसरा आक्षेप आकाराचा. दोन-तीन माणसांच्या दुकानाला हे कोठार, आवृत्त्या, बांधणीचे सर्व्हर कशाला? यात तथ्य आहे, पण अर्धेच. नेक्सससारखे कोठार चालवायची गरज नाही. मेव्हनला एका साध्या फोल्डराचा रस्ता दाखवला तरी तो कोठार मानतो. गरज आहे ती एका सवयीची: बाहेर दिलेल्या क्रमांकाची जार पुन्हा कधीही गुपचूप बदलायची नाही. ज्यांना ही सवय पाळणे जड वाटते त्यांनी सेवांच्या वाटेला तर मुळीच जाऊ नये, कारण तिथे यापेक्षा दसपट शिस्त लागते. आणि एखादी गोष्ट दोनच ॲप्लिकेशनांत असेल, नियम कोणाचा ते अजून स्पष्ट नसेल, तर ती खुशाल उतरवून घ्यावी. तिसऱ्यांदा उतरवायची वेळ आली की मग थांबून पाहावे.

तिसरा आक्षेप मला जास्त अस्वस्थ करणारा वाटतो: सामाईक कोडला वाली कोण? जॅकवेलला संस्था असते, पोटनियम असतात, मोटार दुरुस्तीची वर्गणी असते. चार संस्थांनी मिळून वापरायच्या जारला यातले काही नसते. जो पहिल्यांदा लिहितो त्याच्या गळ्यात ती पडते आणि तो कंटाळला की ती अनाथ होते. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे आणि सरकारी ॲप्लिकेशनांचा कोड खुला करण्याचे, अशी दोन्ही धोरणे जाहीर केली आहेत. त्यांच्या आधाराने मागणी करायची ती अख्ख्या ॲप्लिकेशनाच्या कोडची नव्हे. नियमाच्या मालकाने नियमाबरोबर तो तपासायचा तक्ता द्यावा, इतकी छोटी मागणी पुरे. महसूल खात्याने क्षेत्राच्या एककाचा बदल कागदावर काढला तसाच चाळीस-पन्नास ओळींचा तक्ता काढला असता: आत काय गेले, बाहेर काय यायला हवे. मग जार कोणाचीही असो, जावातली असो वा डॉटनेटमधली, उतरवलेली असो वा वाटलेली, ती त्या तक्त्यावर लावून पाहता आली असती. पहिल्या तीन ओळी अशा असत्या: शेती, ०.४०.५० अधिक ०.६०.५०, उत्तर १.०१.००. शेती, ४.५०, उत्तर ४५,००० चौरस मीटर. बिनशेती, ४.५०, उत्तर ४५० चौरस मीटर.